सगळं मान्य करूनही युद्ध का पेटलं? चार्ल्स पहिला, पार्लमेंट आणि १६४२ ची यादवी

कोरीपाटी

इंग्लंडच्या यादवीचा घटनाक्रम लावतो आहे, पण एका ठिकाणी गाडं अडलंय.

नेहमीचं उत्तर असं की राजाने पार्लमेंटला न विचारता कर लावले, पार्लमेंट भडकलं आणि युद्ध झालं. तारखांशी ते जुळत नाही. १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षं चार्ल्सने पार्लमेंट बोलावलंच नाही, तरी इंग्लंडात बंड झालं नाही. पुढे १६४१ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याने जवळजवळ सगळ्याला मान तुकवली. शिप मनी (आरमाराच्या नावाने घेतलेला कर) बेकायदा ठरला, स्टार चेंबर हे राजाचं खास न्यायालय मोडलं, तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट बोलावण्याचं बंधन आलं, आणि चालू पार्लमेंट पार्लमेंटच्याच संमतीवाचून बरखास्त करायचं नाही हेही राजाने मान्य केलं. म्हणजे जुलूम चालू होता तेव्हा शांतता, आणि तो आवरल्यावर वर्षभरात लढाई. असं का?

दुसरी शंका अगदी व्यवहारातली आहे. इंग्लंडात तेव्हा खडं सैन्य नव्हतं. मग १६४२ मध्ये दोन्ही बाजूंनी माणसं, बंदुका आणि पैसा आणला कुठून, आणि कोणत्या अधिकाराने?

---

जमाखर्च

अकरा वर्षांच्या शांततेचं उत्तर खजिन्यात आहे, म्हणून तिथूनच धरतो.

राजाने आपल्या मिळकतीवर राज्य चालवावं आणि युद्धासारख्या जादा खर्चासाठी पार्लमेंटकडून कर मागावा, अशी इंग्लंडातली समजूत होती. मुख्य मिळकत म्हणजे बंदरावरची जकात, टनेज अँड पाउंडेज. नव्या राजाला ती तहहयात बहाल करायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. १६२५ मध्ये कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने, ती चार्ल्सला फक्त एका वर्षासाठी द्यायचं ठरवलं, आणि ते विधेयकही लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमराव आणि बिशपांच्या सभागृहात, अडलं. राजाने वसुली चालूच ठेवली. कायद्याच्या दृष्टीने पहिली फट इथे पडली.

पुढे स्पेन आणि फ्रान्सशी लढायांचा खर्च वाढला. १६२६ मध्ये राजाचा लाडका मंत्री बकिंगहॅम याच्यावर महाभियोग आला, त्याला वाचवायला राजाने पार्लमेंट मोडलं आणि सक्तीचं कर्ज काढलं. ज्यांनी ते नाकारलं त्यांना कारण न सांगता तुरुंगात टाकलं. १६२८ चं पिटिशन ऑफ राइट याच्यावरचं उत्तर होतं. त्यात मागण्या चार होत्या: पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको, कारण न दाखवता कैद नको, लोकांच्या घरात सैनिक ठेवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा नको. राजाने होकार दिला, बदल्यात पाच सब्सिडी (पार्लमेंटने मंजूर केलेले कर) मिळवल्या, आणि जकात या बंधनात येत नाही असा अर्थ लावला. मार्च १६२९ मध्ये स्पीकर सभा तहकूब करायला उठू लागला तेव्हा दोन सदस्यांनी त्याला खुर्चीत दाबून धरलं आणि तीन ठराव ओरडून मंजूर करून घेतले. त्यानंतर अकरा वर्षं पार्लमेंट भरलं नाही.

ती अकरा वर्षं निभावली, कारण राजाने लढाया थांबवल्या. फ्रान्सशी १६२९ मध्ये आणि स्पेनशी १६३० मध्ये तह झाला. जोडीला त्याच्या वकिलांनी जुन्या दप्तरातून विसरलेले हक्क शोधून काढले. वर्षाला ४० पौंडांची जमीन असूनही राज्याभिषेकाच्या वेळी नाइट व्हायला न आलेल्यांना दंड. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवनाच्या हद्दीत आता ज्यांची शेतं होती त्यांना दंड. साबणासारख्या मालाची मक्तेदारी विकणं. यातली प्रत्येक गोष्ट कागदावर कायदेशीर होती. लोकांचा संताप नेमका त्याचाच होता.

शिप मनीची रचना मुद्दाम सांगतो, कारण ती नीट कळली की पुढचं कोसळणंही कळतं. आरमारासाठी बंदरांकडून जहाजं किंवा त्यांची किंमत घ्यायचा हक्क जुनाच होता. १६३४ मध्ये तो किनाऱ्यावर लागू झाला आणि १६३५ मध्ये साऱ्या देशावर. राजा प्रत्येक काउंटीला (जिल्ह्याला) ठोक रक्कम नेमून द्यायचा. ती गावोगाव वाटून वसूल करणं शेरीफच्या गळ्यात. तूट आली तर जाब त्यालाच. त्यामुळे सुरुवातीला वसुली नव्वद टक्क्यांच्या वर गेली आणि वर्षाला सुमारे २ लाख पौंड यायचे. जॉन हॅम्डेनने आपल्या एका जमिनीवरचे २० शिलिंग (एक पौंड) भरायला नकार दिला. १६३८ मध्ये निकाल ७ विरुद्ध ५ असा राजाच्या बाजूने लागला. बारातले पाच न्यायाधीश विरोधात गेले, ही बातमी मात्र देशभर गेली. १६३९ च्या हुकुमावर जेमतेम पाचवा हिस्सा जमा झाला. शेरीफ हा स्थानिक जमीनदार असायचा आणि वर्षभराने त्याला त्याच शेजाऱ्यांत राहायचं असायचं. त्याने हात आखडला की राजाकडे वसुलीचं दुसरं साधन नव्हतं. पगारी नोकरशाही नाही आणि पोलीसही नाहीत.

म्हणून ही व्यवस्था शांतता होती तोवरच टिकणारी होती. एक युद्ध आलं असतं तर बुडाली असती, आणि ते स्कॉटलंडकडून आलं.

१६४० ची तंगी किती होती त्याचा एक दाखला आपल्या किनाऱ्याला लागून आहे. त्या वर्षी राजाने ईस्ट इंडिया कंपनीची गोदामातली मिरी उधारीवर उचलली. ६,०७,५२२ पौंड वजनाची मिरी, दर पौंडाला २ शिलिंग १ पेनी, म्हणजे सुमारे ६३,२८३ पौंडांचा माल. तीच मिरी त्याने लगेच १ शिलिंग ८ पेन्सने रोखीत विकली आणि सुमारे ५०,६२६ पौंड हातात आले. हातात रोकड यावी म्हणून बारा हजारांवर पौंडांचा तोटा पत्करणारा राजा सावकाराच्या दारात उभा आहे, हे लंडनच्या व्यापाऱ्यांना कळायला आणखी काही लागत नव्हतं. याच कंपनीची मक्तेदारी बाजूला सारून त्याने १६३५ मध्ये कोर्टीन मंडळींना पूर्वेच्या व्यापाराचा परवाना दिला होता. त्यांची जहाजं १६३६ मध्ये गोव्याला आली आणि पुढे कारवार, भटकळकडे त्यांच्या वखारी झाल्या.

---

वेशीबाहेर

जमाखर्च यांचा हिशेब बरोबर आहे, पण स्कॉटलंडचं युद्ध आभाळातून पडलं नाही. ते राजाने ओढवून घेतलं, आणि पैशासाठी नव्हे, धर्मासाठी.

चार्ल्स इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तीन वेगळ्या राज्यांचा राजा होता. तिन्हींची पार्लमेंटं वेगळी, चर्चही वेगळी. १६३३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या लॉडला वेदी पूर्वेच्या भिंतीशी कठड्यात हवी, विधी शिस्तीत हवेत, बिशपांचा अधिकार निर्विवाद हवा. इंग्लंडच्या कडव्या प्रॉटेस्टंटांना यात कॅथलिक पंथ मागच्या दाराने येताना दिसला. राणी हेन्रिएटा मारिया कॅथलिक होती, तिचं प्रार्थनागृह लंडनमध्ये उघड चालायचं. १६३७ मध्ये बिशपांविरुद्ध लिहिलं म्हणून प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे कान भर चौकात कापले. वकील, पाद्री आणि वैद्य अशी ती तीन सभ्य माणसं होती. अशी शिक्षा चोरांना व्हायची, पदवीधरांना नव्हे.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं. त्यासाठी तिथलं पार्लमेंट किंवा चर्चची सभा यांपैकी कुणालाही विचारलं नाही. २३ जुलै १६३७ ला एडिंबराच्या सेंट जाइल्समध्ये दंगा उसळला. फेब्रुवारी १६३८ मध्ये आपला धर्म राखायच्या राष्ट्रीय करारावर स्कॉटांच्या सह्या झाल्या आणि वर्षाअखेर ग्लासगोच्या सभेने बिशपच रद्द केले. १६३९ ची मोहीम न लढताच तहावर संपली. एप्रिल १६४० मध्ये राजाने पार्लमेंट बोलावलं, बारा सब्सिडी मागितल्या आणि बदल्यात शिप मनी सोडायची तयारी दाखवली. सदस्य म्हणाले, आधी गाऱ्हाणी ऐका. तीन आठवड्यांत ते पार्लमेंटही मोडलं. ऑगस्टमध्ये न्यूबर्नला स्कॉट फौजेने टाइन नदी ओलांडून न्यूकॅसल घेतलं. लंडनच्या चुली न्यूकॅसलच्या कोळशावर पेटायच्या, त्यामुळे हिवाळ्याआधी राजधानीची नस त्यांच्या हाती गेली.

रिपनच्या तहात स्कॉट सैन्याचा खर्च म्हणून दिवसाला ८५० पौंड द्यायचं ठरलं. वर्षाचे तीन लाखांवर, म्हणजे शिप मनीच्या सगळ्या वसुलीपेक्षा जास्त. हे पैसे पार्लमेंटशिवाय उभे राहणार नव्हते. ३ नोव्हेंबर १६४० ला भरलेलं पार्लमेंट राजाला मोडता आलं नाही, त्याचं कारण हे. कॉमन्समधला विरोधकांचा पुढारी पिम आणि त्याच्या साथीदारांना हे पुरतं कळलेलं होतं. स्कॉट सैन्य जोवर इंग्लंडात आहे, तोवर आपण सुरक्षित आहोत.

आता कोरीपाटी यांचा मूळ प्रश्न. १६४१ मध्ये राजाने सगळं दिलं, पण मनापासून दिलं असं कुणालाच वाटलं नाही. तसं न वाटायला कारणं होती. राजाचा मुख्य सल्लागार स्ट्रॅफर्ड याच्यावर महाभियोग चालला, तो पुराव्यावर टिकेना, म्हणून थेट कायदा करून त्याला देहांत द्यायचं ठरलं. राजाने त्याला जिवाची हमी दिलेली होती. मे महिन्याच्या सुरुवातीला लंडनच्या टॉवरमध्ये शंभर सैनिक घुसवायचा आणि उत्तरेतलं सैन्य राजधानीवर आणायचा बेत फुटला. बाहेर जमावाचा गराडा पडला, आणि १० मे ला राजाने सही केली. त्याच बैठकीत पार्लमेंट मोडायचं नाही या कायद्यालाही मान्यता दिली. १२ मे ला स्ट्रॅफर्डचं शिर उडालं. सवलत आणि कट एकाच आठवड्यातले. यापुढची त्याची प्रत्येक सही जबरदस्तीची मानली जाणार, आणि संधी मिळताच तो ती फिरवणार, असं दोन्हीकडे धरून चालले.

मग २३ ऑक्टोबर १६४१ ला आयर्लंडात उठाव झाला. माझ्या मते युद्ध या दिवसापासून अटळ झालं. उठाव मोडायला सैन्य हवं, यावर दुमत नव्हतं. ते सैन्य कुणाच्या हाताखाली, हा पेच होता. कायद्याने सेनापती नेमायचा हक्क राजाचा. उठाववाल्यांनी तर राजाचं खोटं आज्ञापत्र दाखवून आपण त्याच्याच नावाने उठलो असं सांगितलं. ज्याने मे महिन्यात टॉवर घ्यायचा बेत केला, त्याच्या हाती नवं सैन्य द्यायचं? आणि राजाच्या बाजूने बघा: सैन्याचा हक्क सोडला तर राजा उरतोच कुठे? इथे तडजोडीला जागा नव्हती. कर अर्धा कमी करता येतो, सेनापती अर्धा नेमता येत नाही.

सप्टेंबरपर्यंत स्कॉट फौज पैसे घेऊन परतली होती. म्हणजे पार्लमेंटच्या पाठीशी असलेला धाकही गेलेला. २२ नोव्हेंबरला दोनशेहून अधिक कलमांचं ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स, म्हणजे राजाच्या कारभाराविरुद्धच्या गाऱ्हाण्यांची यादी, मंजूर झालं, १५९ विरुद्ध १४८. नुसत्या अकरा मतांनी. वर्षभरापूर्वी एकमुखी असलेलं सभागृह फुटलं होतं. राजाचा पक्ष खरा तयार झाला तो या रात्री. एडवर्ड हाइडसारखी माणसं १६४१ च्या सुधारणांच्या बाजूने होती. बिशप आणि राजाचे मूळ हक्क उपटायची वेळ आली तेव्हा ती दुसरीकडे गेली.

---

तोफखाना

व्यवहाराच्या प्रश्नावर लिहितो.

४ जानेवारी १६४२ ला राजा सुमारे ४०० सशस्त्र माणसं घेऊन पिम, हॅम्डेन, होल्स, हेसलरिग आणि स्ट्रोड या पाच जणांना पकडायला कॉमन्समध्ये गेला. बातमी आधीच फुटली होती, पाचही जण नावेने शहरात गेलेले. स्पीकर लेंथॉलने गुडघे टेकून नम्रपणे सांगितलं की सभागृहाच्या आज्ञेवाचून मी काही पाहू शकत नाही आणि बोलू शकत नाही. दुसऱ्या दिवशी राजा गिल्डहॉलला गेला, तिथेही त्यांना कुणी दिलं नाही. १० तारखेला त्याने लंडन सोडलं. ही त्याची सगळ्यात महाग चूक. राजधानीबरोबर टॉवरचं शस्त्रागार, बंदराची जकात, छापखाने आणि कर्ज देणारे सावकार एका फटक्यात पलीकडे गेले.

खडं सैन्य नव्हतं, पण प्रत्येक काउंटीची प्रशिक्षित पथकं होती आणि त्यांची हत्यारं गावच्या कोठारात असायची. खरी ओढाताण त्या कोठारांच्या किल्ल्यांसाठी झाली. ५ मार्चला पार्लमेंटने मिलिशियाचा, म्हणजे या पथकांचा, वटहुकूम काढून त्यांच्यावर आपले प्रमुख (लॉर्ड लेफ्टनंट) नेमले. राजाची सही नाही, म्हणून तो कायदा नव्हे. थोड्या काळासाठी तरी मिलिशिया द्या असं सांगायला शिष्टमंडळ गेलं, तेव्हा तासाभरासाठीही देणार नाही असं राजाचं उत्तर होतं. त्याने उलट कमिशन ऑफ अ‍ॅरे, म्हणजे आपल्या नावाने पथकं जमवायची आज्ञापत्रं, काढली. तिचा आधार चौथ्या हेन्रीच्या काळातला, भाषा लॅटिन. पार्लमेंटवाल्यांनी त्याचा फायदा घेतला आणि गावात मन मानेल तसा अर्थ वाचून दाखवला. एका कॉन्स्टेबलच्या हातात एकाच आठवड्यात दोन उलट हुकूम पडायचे. एक पाळला तर दुसऱ्याच्या लेखी राजद्रोह. पुष्कळ काउंट्यांनी आम्ही तटस्थ असे करार केले. कुठेच टिकले नाहीत, कारण जी बाजू आधी फौज घेऊन आली तिने कोठार उघडलं.

हलचं प्रकरण याच मापाने बघा. स्कॉटलंडच्या मोहिमांसाठी जमवलेला तोफा, बंदुका आणि दारूचा साठा हलमध्ये पडून होता. २३ एप्रिलला राजा वेशीपाशी आला आणि सर जॉन हॉथमने तटावरून आत घ्यायला नकार दिला. थोड्याच दिवसांत पार्लमेंटने तो साठा जहाजाने लंडनला हलवला. राजाला मग शेजारच्या काउंट्यांतल्या पथकांची हत्यारं काढून घेऊन आपली माणसं सजवावी लागली, आणि हत्यारं गेलेले लोक दुखावले. राणी राजमुकुटाचे दागिने गहाण टाकायला फेब्रुवारीतच हॉलंडला गेली होती.

जुलैमध्ये वॉरिकच्या अर्लने आरमार पार्लमेंटकडे आणलं. याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण पुढे हल आणि प्लिमथ वेढ्यात असताना तग धरून राहिले ते समुद्रातून येणाऱ्या रसदीवर. शिप मनी ज्या जहाजांसाठी वसूल केला, ती जहाजं राजाविरुद्ध वापरली गेली.

१ जूनच्या एकोणीस मागण्यांत मंत्री, न्यायाधीश, किल्ले, मिलिशिया आणि राजाच्या मुलांची लग्नंसुद्धा पार्लमेंटच्या संमतीने व्हावीत असं होतं. उत्तर अर्थातच नकार. २२ ऑगस्टला नॉटिंगहॅमला राजाने निशाण उभारलं.

अधिकाराच्या प्रश्नाला पार्लमेंटने शोधलेलं उत्तर असं: राजाची व्यक्ती वेगळी आणि राजाचं पद वेगळं. व्यक्ती वाईट सल्लागारांच्या कह्यात आहे, पदाचा अधिकार पार्लमेंटमध्ये आहे. म्हणून पार्लमेंटचा सेनापती एसेक्सचा अर्ल याचं सैन्य ‘राजा आणि पार्लमेंट’ यांच्या नावाने राजाशी लढायला निघालं. ही पळवाट वाटेल, पण हजारो सरळमार्गी माणसांना शपथ न मोडता बंदूक उचलायला तिचाच आधार मिळाला.

---

कोरीपाटी

तिघांचेही आभार. हे वाचून दोन उपप्रश्न. पार्लमेंट करांविरुद्ध लढत होतं, तर त्यांनी स्वतः पैसा कसा उभा केला? आणि १६४२ मध्ये राजाच्या नावाने लढणारे १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवण्यापर्यंत कसे आले?

---

जमाखर्च

कर लावूनच, आणि राजापेक्षा कितीतरी जड. फेब्रुवारी १६४३ च्या वटहुकुमाने आठवड्याची आकारणी सुरू झाली. एकट्या लंडनवर आठवड्याला १०,००० पौंड, सगळ्या देशावर ३०,००० च्या वर. पद्धत शिप मनीचीच, काउंटीला ठोक रक्कम. फरक असा की शेरीफऐवजी स्थानिक समिती आणि तिच्यामागे घोडेस्वार. मार्चमध्ये विरोधकांच्या जमिनी जप्त करायला सुरुवात झाली. जुलैमध्ये एक्साइज हा मालावरचा कर आला, तो बिअरसारख्या रोजच्या वस्तूंवर. त्याच्यावरून दंगे झाले. तीन वर्षांत लोकांनी राजाला अकरा वर्षांत दिलं नसेल इतकं पार्लमेंटला दिलं.

राजाने युद्धात ऑक्सफर्डला ठाणं केलं होतं, तिथला त्याचा कारभार याच बाबतीत कमी पडला. सुरुवात चांगली होती. कॉलेजांची चांदी वितळवून नाणी पाडली, उमरावांनी स्वतःच्या खर्चाने पथकं उभी केली. देणगीवर पहिलं वर्ष निघतं, तिसरं निघत नाही. छोट्या छोट्या गढ्यांतल्या शिबंद्या आसपासची गावं खाऊ लागल्या. १६४५ मध्ये नैर्ऋत्येकडचे शेतकरी सोटे घेऊन दोन्ही सैन्यांविरुद्ध उभे राहिले.

---

तोफखाना

त्यात सैन्याची भर घालतो. पहिली दोन वर्षं पार्लमेंटलाही जमत नव्हतं. एजहिलला (२३ ऑक्टोबर १६४२) दोन्हीकडे प्रत्येकी सुमारे १४,००० माणसं होती. राजाचा भाचा रूपर्ट याच्या घोडदळाने समोरची बगल उधळली आणि सामानाच्या गाड्या लुटायला पार किनटनपर्यंत गेलं. परत आलं तेव्हा पायदळ एकटं झुंजून थकलेलं. निकाल लागला नाही. १३ नोव्हेंबरला टर्नहॅम ग्रीनवर लंडनची पथकं धरून सुमारे २४,००० लोक आडवे उभे राहिले, आणि राजा मागे वळला. लंडनच्या इतक्या जवळ तो पुन्हा सैन्य घेऊन आला नाही.

अडचण अशी होती की स्थानिक पथकं आपल्या काउंटीबाहेर जायला नाखूश असायची, आणि सेनापती म्हणजे लॉर्ड, ज्यांना राजाचा पूर्ण पराभव नकोच होता. १६४३ मध्ये स्कॉटांशी करार झाला. त्यांच्या फौजेच्या साथीने २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूर जिंकलं, तरीही हे दुखणं तसंच राहिलं. १६४५ मध्ये दोन गोष्टी एकत्र केल्या. दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांनी सैनिकी पदं ४० दिवसांत सोडायची, आणि नवा सेनापती फेअरफॅक्स याच्या हाताखाली नवं सैन्य: पायदळाच्या १२ रेजिमेंट प्रत्येकी १,२००, घोडदळाच्या ११ प्रत्येकी ६००, शिवाय १,००० ड्रॅगून (घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणारे). एकूण २२,०००. शिपायाला दिवसाला ८ पेन्स, स्वाराला २ शिलिंग, आणि त्यासाठी महिना ५३,००० पौंडांच्या आसपास आकारणी बांधून दिली. नेझबीला १४ जून १६४५ ला रूपर्टने पुन्हा तीच चूक केली आणि सामानापर्यंत धावला. पार्लमेंटच्या घोडदळाचा प्रमुख क्रॉमवेल याने समोरच्याला मोडलं आणि राखीव स्वार वळवून राजाच्या पायदळावर घातले. राजाची पत्रांची पेटीही सापडली. आयर्लंडातून कॅथलिक फौज आणायच्या त्याच्या खटपटी त्या पत्रांत होत्या. पार्लमेंटने ती छापली.

दुसऱ्या उपप्रश्नाचं अर्धं उत्तर पगारात आहे. १६४७ च्या वसंतात पायदळाचा १८ आठवड्यांचा आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता, आणि पार्लमेंट त्यांना मोडून काढायला निघालं. त्या दिवसापासून सैन्य स्वतःच तिसरा पक्ष झालं. जूनमध्ये राजाला त्यांनीच ताब्यात घेतलं.

---

वेशीबाहेर

उरलेलं अर्धं राजाच्या वागण्यात आहे. तो पार्लमेंट, सैन्य आणि स्कॉट या तिघांशीही एकाच वेळी बोलणी करत राहिला. डिसेंबर १६४७ मध्ये त्याने स्कॉटांशी गुप्त करार केला आणि १६४८ मध्ये दुसरी यादवी पेटली. प्रेस्टनला क्रॉमवेलने ती संपवली. पहिल्या पराभवाकडे सैनिक देवाचा कौल म्हणून बघत होते. तो कौल झुगारून ज्याने पुन्हा रक्त सांडलं तो त्यांच्या लेखी राजा उरला नाही. तरी पार्लमेंटमधले बहुसंख्य अजून तहाच्याच बाजूने होते. म्हणून ६ डिसेंबर १६४८ ला कर्नल प्राइडने दारात उभं राहून सदस्य गाळले. राजाने पाच जणांसाठी केलं ते सैन्याने शेकड्याने केलं.

४ जानेवारी १६४९ ला उरलेल्या कॉमन्सने ठराव केला की सर्व न्याय्य सत्तेचं मूळ लोक आहेत. पाच सदस्यांच्या प्रकरणाला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. लॉर्ड्सने खटल्याला नकार दिला, तरी कॉमन्सने एकट्याने न्यायालय नेमलं. १३५ जणांची नावं होती, देहांताच्या हुकुमावर ५९ सह्या झाल्या. चार्ल्सने बाजू मांडलीच नाही. तुमचा अधिकार कोणता, एवढंच तो विचारत राहिला, आणि कायद्याच्या मुद्द्यावर त्याला उत्तर देता आलं नाही. माझं मत विचाराल तर १६४१ पर्यंत कायदा पार्लमेंटकडे होता आणि १६४९ मध्ये तो राजाकडे गेला होता.

---

तिथीवार

घटनाक्रम लावताय म्हणून एक सूचना. मूळ इंग्रजी कागदांत राजाच्या शिरच्छेदाची तारीख ३० जानेवारी १६४८ अशी दिसेल. ती चूक नाही. इंग्लंडात १७५२ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या वर्षात मोजले जायचे. तीन वर्षांतून पार्लमेंट बोलावण्याचा कायदा फेब्रुवारी १६४१ चा, पण कायद्यांच्या पुस्तकात तो १६४० खाली सापडतो. पाच सदस्यांची ४ जानेवारीही तिथे १६४१ ची. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती, म्हणून एडिंबराच्या आणि लंडनच्या कागदांत एकाच दिवसाचं साल वेगळं येतं.

शिवाय दोन्ही राज्यांत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, ती युरोपच्या मागे १० दिवस. फ्रान्सच्या राजदूताने धाडलेल्या पत्रात तोच शिरच्छेद ९ फेब्रुवारी १६४९ ला पडेल. तुमच्या तक्त्यात तीन रकाने करा: कागदावरची तारीख, १ जानेवारीपासून मोजलेलं साल, आणि कागद कुठला. वर या धाग्यात दिलेल्या सगळ्या तारखा दिवस इंग्लंडचा आणि साल १ जानेवारीपासूनचं अशा आहेत, त्या दुसऱ्या रकान्यात घाला.